एकाच मापनातील अनेक इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा समन्वय : स्वरूप, साधने व प्रायोगिक निष्कर्षांची विश्वसनीयता

प्रस्तावना

प्रायोगिक विज्ञानात मापनाला अनन्यसाधारण महत्त्व आहे. पदवी स्तरावरील प्रयोगांत विद्यार्थी बहुधा एका वेळी एकच राशी मोजतो. मल्टिमीटरने विभवांतर मोजले, वहीत नोंद केली, मग तापमापीकडे पाहिले, पुन्हा नोंद केली, अशी ही पद्धत असते. संथ गतीने बदलणाऱ्या राशींसाठी ती पुरेशी ठरते. संशोधनाच्या स्तरावर मात्र एका निष्कर्षासाठी तीन, चार किंवा त्याहून अधिक उपकरणांनी एकत्रितपणे काम करावे लागते. एक उपकरण विद्युतधारा पुरवते, दुसरे विभवांतर मोजते, तिसरे तापमान सांगते आणि चौथे, म्हणजे संगणक, या सर्वांची नोंद ठेवतो. अशा वेळी प्रत्येक उपकरण स्वतंत्रपणे अचूक असले तरी संपूर्ण मापन अचूक असेलच असे नाही.

लेझीमच्या पथकात प्रत्येक गडी कसलेला असला तरी हलगीचा ठोका सर्वांना एकाच वेळी ऐकू आला नाही, तर पथक विस्कळीत होते. उपकरणांच्या समूहाचेही तसेच आहे. प्रस्तुत लेखात हा ‘ठोका’ म्हणजे नेमके काय, तो उपकरणांपर्यंत कसा पोहोचवला जातो आणि तो चुकल्यास निष्कर्षांवर कोणता परिणाम होतो, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. अनेक उपकरणांच्या समन्वयाची गरज स्पष्ट करणे.
२. समन्वयाच्या प्रमुख पातळ्या व त्यासाठी विकसित झालेल्या मानकांचा परिचय करून देणे.
३. अतिसंवाहकाच्या रोधमापनाच्या उदाहरणातून समन्वयाच्या अभावी निर्माण होणाऱ्या आभासी परिणामाची उकल करणे.
४. महाविद्यालयीन प्रयोगशाळेसाठी अल्प खर्चातील उपाय सुचवणे.

समन्वयाच्या चार पातळ्या

उपकरणांचा समन्वय ही एकच क्रिया नसून तिच्या चार पातळ्या आहेत. पहिली पातळी मार्गाची. संदेश कोणत्या तारांवरून जाणार हे ती ठरवते. दुसरी पातळी भाषेची. त्या संदेशाचा अर्थ सर्व उपकरणांना समजला पाहिजे. तिसरी पातळी क्षणाची. मापन नेमके केव्हा सुरू करायचे याचा इशारा सर्वांना मिळाला पाहिजे. चौथी पातळी घड्याळाची. प्रत्येक उपकरणाच्या अंतर्गत घड्याळाची गती एकसमान असली पाहिजे. पहिल्या दोन पातळ्या साध्य झाल्या की संगणकाच्या पडद्यावर आकडे दिसू लागतात आणि काम पूर्ण झाल्याचा समज होतो. वस्तुतः निष्कर्षाची विश्वसनीयता पुढील दोन पातळ्यांवर अवलंबून असते.

सामाईक मार्ग

१९६० च्या दशकात ह्यूलेट-पॅकार्ड या कंपनीने आपली उपकरणे परस्परांशी जोडण्यासाठी एक सामाईक मार्ग विकसित केला. १९७५ मध्ये तो ‘आयट्रिपलई ४८८’ या नावाने मानक म्हणून स्वीकारला गेला. प्रयोगशाळेत तो ‘जीपीआयबी’ या नावाने परिचित आहे. या मार्गावर माहितीसाठी आठ, हस्तांदोलनासाठी तीन आणि व्यवस्थापनासाठी पाच अशा एकूण सोळा संकेतवाहिन्या असतात. नियंत्रक संगणक धरून एका मार्गावर पंधरा उपकरणे जोडता येतात. तारेची एकूण लांबी प्रत्येक उपकरणामागे २ मीटर आणि जास्तीत जास्त २० मीटर एवढीच ठेवावी लागते.

या रचनेतील मर्म हस्तांदोलनाच्या तीन वाहिन्यांत आहे. बोलणारे उपकरण एक अक्षर मार्गावर ठेवते व ‘माहिती वैध आहे’ असा संकेत देते. ऐकणारी सर्व उपकरणे ते अक्षर स्वीकारतात. त्यांपैकी शेवटच्या उपकरणाने स्वीकार केल्याशिवाय पुढचे अक्षर पाठवले जात नाही. म्हणजेच सर्वांत मंद श्रोता संपूर्ण संभाषणाची गती ठरवतो. वेगाच्या दृष्टीने ही मर्यादा असली तरी कोणाचेही अक्षर निसटत नाही, हा तिचा मोठा लाभ होय.

पुढील काळात यूएसबी व इथरनेट हे मार्गही प्रचारात आले. १९९७ मध्ये ‘पीएक्सआय’ ही रचना आली. तिच्यात अनेक उपकरणे एकाच पेटीत बसवलेली असतात. २००५ मध्ये इथरनेटवर आधारित ‘एलएक्सआय’ हे मानक प्रसिद्ध झाले. मार्ग बदलले, तरी जुन्या उपकरणांमुळे जीपीआयबी आजही अनेक प्रयोगशाळांत टिकून आहे.

सामाईक भाषा

मार्ग एक असला तरी प्रारंभीच्या काळात प्रत्येक उपकरणाची आदेशभाषा वेगळी होती. एका कंपनीचा मल्टिमीटर काढून दुसऱ्या कंपनीचा बसवला की संपूर्ण आज्ञावली नव्याने लिहावी लागे. १९८७ मध्ये ‘आयट्रिपलई ४८८.२’ या मानकाने काही सामाईक आदेश निश्चित केले. तारांकन चिन्हाने सुरू होणारे हे आदेश आहेत. ‘*आयडीएन?’ हा आदेश उपकरणाला त्याची ओळख विचारतो, ‘*आरएसटी’ त्याला ज्ञात प्रारंभिक स्थितीत आणतो, तर ‘*ओपीसी?’ हा आदेश ‘हाती घेतलेले काम पूर्ण झाले का?’ असे विचारतो. १९९० मध्ये ‘एससीपीआय’ ही प्रमाण आदेशभाषा आली. विभवांतर मोजण्याचा आदेश कोणत्याही उत्पादकाच्या मल्टिमीटरला शक्यतो एकाच स्वरूपात देता यावा, हा तिचा हेतू आहे.

येथे एक सूक्ष्म बाब ध्यानात घेणे अगत्याचे आहे. ‘*ओपीसी?’ या प्रश्नाला उपकरणाने १ असे उत्तर दिले, म्हणजे त्या उपकरणाचे अंतर्गत काम पूर्ण झाले. विद्युतधारेचा स्रोत आपल्या बाजूने धारा बदलून मोकळा झालेला असतो. तथापि तारांची धारिता, नमुन्याचा रोध व जोडण्यांचे तापमान यांमुळे नमुन्यावरील विभवांतर अद्याप स्थिरावलेले नसू शकते. उपकरणाची पावती ही नमुन्याची पावती नव्हे. स्थिरावण्याचा काळ प्रयोगकर्त्याने स्वतः तपासून आज्ञावलीत समाविष्ट करावा लागतो.

मापनाचा क्षण : ट्रिगर

संगणकाने एकापाठोपाठ एक आदेश पाठवले तर उपकरणे एकापाठोपाठ एकच मापन करतील. शिवाय संगणकाची सर्वसाधारण कार्यप्रणाली एकाच वेळी इतर अनेक कामे करत असल्याने दोन आदेशांमधील अंतर प्रत्येक वेळी सारखे राहत नाही. कधी काही मिलिसेकंद, तर कधी त्याच्या कित्येक पट वेळ जातो. हा विलंब स्थिर असता तर त्याची दुरुस्ती सोपी झाली असती. तो बदलता असणे हीच खरी अडचण होय.

यावर दोन उपाय आहेत. पहिला उपाय जीपीआयबीच्या रचनेतच अंतर्भूत आहे. नियंत्रक निवडक उपकरणांना प्रथम ‘सज्ज राहा’ असे सांगतो आणि नंतर ‘समूह ट्रिगर’ हा एकच आदेश सर्वांना उद्देशून देतो. दुसरा उपाय अधिक काटेकोर आहे. उपकरणांच्या मागील बाजूस असलेल्या ट्रिगरच्या जोडण्या स्वतंत्र तारेने परस्परांना जोडल्या जातात. धारास्रोत धारा बदलून ठरलेला काळ थांबतो आणि एक विद्युतस्पंद पाठवतो. तो मिळताच व्होल्टमीटर मापन करतो आणि पूर्ण झाल्यावर उलट दिशेने दुसरा स्पंद पाठवतो. त्यावर धारास्रोत पुढील पायरी घेतो. या संवादात संगणकाचा सहभाग नसतो. त्याने प्रारंभी सूचना द्यायच्या व शेवटी साठवलेले आकडे वाचायचे, एवढेच त्याचे काम उरते.

ट्रिगर एकाच क्षणी मिळाला तरी मापन एकाच क्षणी होते असेही नाही. अंकीय व्होल्टमीटर ठरावीक कालावधीतील विभवांतराची सरासरी घेतो. भारतात वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्‌झ असल्याने तिचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. मापनाचा कालावधी या आवर्तनाच्या पूर्ण पटीत ठेवल्यास वीजवाहिनीतून शिरणारा ५० हर्ट्‌झचा व्यत्यय सरासरीत नाहीसा होतो. दहा आवर्तनांची सरासरी घेतली तर मापनाला २०० मिलिसेकंद लागतात आणि त्या मापनाचा प्रातिनिधिक क्षण प्रारंभानंतर १०० मिलिसेकंदांनी येतो. दोन व्होल्टमीटरचे कालावधी भिन्न ठेवले, तर एकच ट्रिगर मिळूनही त्यांची मापने भिन्न क्षणांची ठरतात.

सामाईक घड्याळ

दीर्घकाळ चालणाऱ्या किंवा अतिजलद मापनांत चौथी पातळी महत्त्वाची ठरते. दोन उपकरणांच्या स्फटिक-घड्याळांत दशलक्षांश दहा भागांचा फरक असेल, तर १००० सेकंदांनंतर त्यांच्यात १० मिलिसेकंदांचे अंतर पडते. कलामापनात तर याहून सूक्ष्म काळही जाणवतो. १ किलोहर्ट्‌झच्या संकेताचे दोन वाहिन्यांवरील वाचन केवळ १० मायक्रोसेकंदांनी मागेपुढे झाले, तर कलेत ३.६ अंशांची चूक होते. म्हणूनच अनेक उपकरणांना मागील बाजूस १० मेगाहर्ट्‌झच्या संदर्भसंकेताची जोडणी दिलेली असते. एका उपकरणाचे घड्याळ प्रमुख मानून इतरांनी त्याचे अनुसरण करायचे, ही यामागील कल्पना होय. तार टाकणे शक्य नसेल तेथे संगणकजालावरून घड्याळे जुळवण्याची ‘आयट्रिपलई १५८८’ ही पद्धती २००२ पासून उपलब्ध आहे.

महाराष्ट्रात या तत्त्वाचे भव्य उदाहरण पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ खोडद येथे पाहावयास मिळते. तेथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेना सुमारे २५ किलोमीटर परिसरात विखुरलेल्या आहेत. त्यांचे संकेत प्रकाशतंतूंतून मध्यवर्ती केंद्रात आणले जातात. निर्वातातील प्रकाशालासुद्धा २५ किलोमीटर अंतर कापण्यास सुमारे ८३ मायक्रोसेकंद लागतात. तंतूत तर त्याहून अधिक काळ जातो. सामाईक संदर्भसंकेत आणि प्रत्येक ॲन्टेनाच्या विलंबाची काटेकोर भरपाई यांच्याशिवाय या ३० ॲन्टेना मिळून एक दुर्बीण होऊ शकणार नाहीत.

एक उदाहरण : अतिसंवाहकाचा रोध

यिट्रियम, बेरियम व तांबे यांचे ऑक्साइड १९८७ मध्ये सुमारे ९३ केल्विन तापमानाला अतिसंवाहक होत असल्याचे आढळले. द्रव नायट्रोजनचा उत्कलनबिंदू ७७ केल्विन असल्याने हा प्रयोग पदव्युत्तर प्रयोगशाळेच्या आवाक्यात आला. नमुन्याला चार तारा जोडतात. बाहेरील दोन तारांतून धारा सोडली जाते व आतील दोन तारांवर विभवांतर मोजले जाते. नमुना थंड होत असताना तापमान व रोध यांची नोंद घेतली जाते.

नमुन्यावरील विभवांतर अत्यल्प, काही वेळा मायक्रोव्होल्टच्याही खाली असते. भिन्न धातूंच्या जोडण्यांत तापमानाच्या फरकामुळे निर्माण होणारे उष्मीय विभव तेवढेच किंवा त्याहून अधिक असू शकते. ते वगळण्यासाठी धारेची दिशा उलटवतात. नमुन्याचे विभवांतर चिन्ह बदलते, उष्मीय विभव बदलत नाही. म्हणून दोन वाचनांच्या फरकाचा निम्मा भाग घेतला की उष्मीय विभव निघून जाते. मात्र दोन वाचनांच्या दरम्यान उष्मीय विभवच बदलत असेल, तर चूक शिल्लक राहते. अशा वेळी धन, ऋण, धन अशी समान अंतराने तीन वाचने घेतात. पहिल्या व तिसऱ्या वाचनाच्या बेरजेतून दुसऱ्याची दुप्पट वजा करून चाराने भागले असता एकसमान गतीने बदलणारे उष्मीय विभवही पूर्णपणे वगळले जाते. ‘समान अंतराने’ ही अट येथे कळीची आहे आणि ती अट म्हणजेच समन्वय होय.

एम. फिल.च्या काळात हा प्रयोग करताना प्रस्तुत लेखकाला आलेला अनुभव येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरणार नाही. नमुना थंड करताना व पुन्हा तापवताना मिळालेले दोन आलेख एकमेकांवर बसत नव्हते. संक्रमणाच्या ठिकाणी त्यांच्यात सुमारे ०.४ केल्विनचे अंतर होते. सर्व उपकरणे अचूक होती, जोडण्या तपासलेल्या होत्या आणि प्रयोगाची पुनरावृत्ती केली असता तेच अंतर पुन्हा दिसत होते. पुनरावृत्तीमुळे खात्री पटली आणि ‘हिस्टेरेसिस’ म्हणजे जाण्याचा व येण्याचा मार्ग भिन्न असल्याचा एक परिच्छेद प्रबंधाच्या मसुद्यात लिहिला गेला. मार्गदर्शकांनी तो वाचून एकच प्रश्न विचारला, “थंड करण्याचा वेग निम्मा करून पाहिलात का?” वेग निम्मा केला तेव्हा अंतरही जवळजवळ निम्मे झाले. परिच्छेद काढून टाकावा लागला.

या चुकीची उकल अशी. आज्ञावली प्रथम तापमान वाचत असे. नंतर धारा सुरू करून, स्थिरावण्यासाठी थांबून, तिसऱ्या सेकंदाला धन दिशेचे व पाचव्या सेकंदाला ऋण दिशेचे वाचन घेत असे. म्हणजे विभवांतराचा प्रातिनिधिक क्षण तापमानाच्या वाचनानंतर ४ सेकंदांचा होता. तापमान मिनिटाला ३ केल्विन, म्हणजे सेकंदाला ०.०५ केल्विन या गतीने बदलत होते. चार सेकंदांत ते ०.२ केल्विनने बदलले. थंड करताना नोंदवलेले तापमान प्रत्यक्षापेक्षा ०.२ केल्विन अधिक आणि तापवताना तेवढेच कमी होते. दोहोंतील अंतर ०.४ केल्विन झाले. नमुन्यात काहीही घडत नव्हते. जे घडत होते ते आज्ञावलीतील ओळींच्या क्रमात होते.

चुंबकीय क्षेत्र नसताना आणि धारा अल्प असताना अतिसंवाहक संक्रमणात असे अंतर अपेक्षित नसते, ही गोष्ट तेव्हाच खटकावयास हवी होती. आणखी एक खूण होती. जेथे खरोखर अतिशीतनामुळे हिस्टेरेसिस असते, तेथे थंड करतानाचे संक्रमण कमी तापमानाला होते. येथे ते अधिक तापमानाला दिसत होते. तापमापी नमुन्यापेक्षा थंड पृष्ठाच्या अधिक जवळ असेल तर याच्या उलट दिशेची चूक उद्‌भवते. या दोन चुका परस्परांना झाकूही शकतात. आलेख जुळले म्हणजे समन्वय योग्य आहे, असा निष्कर्षही म्हणूनच घाईचा ठरेल.

उपाय साधा निघाला. विभवांतराच्या वाचनांपूर्वी एकदा व नंतर, आठव्या सेकंदाला, पुन्हा एकदा तापमान वाचून दोहोंची सरासरी घेतली. ही सरासरी चौथ्या सेकंदाची, म्हणजे विभवांतराच्याच क्षणाची ठरते. त्यासाठी नवे उपकरण लागले नाही. आज्ञावलीत एक ओळ वाढली. ट्रिगरच्या तारा उपलब्ध असल्यास धन-ऋण वाचनांची जोडी ०.२ सेकंदात पूर्ण करता येते. मग तापमान प्रारंभी एकदाच वाचले तरी त्याच गतीला चूक ०.००५ केल्विनपर्यंत खाली येते.

भूसंपर्काविषयी दक्षता

अनेक उपकरणे जोडताना आणखी एक दोष नकळत शिरतो. प्रत्येक उपकरण वीजपुरवठ्याच्या तारेतून जमिनीशी जोडलेले असते आणि संकेततारांच्या आवरणांतून ती परस्परांशीही जोडली जातात. त्यामुळे तारांचे बंद वलय तयार होते व त्यात ५० हर्ट्‌झची धारा वाहू लागते. सर्व उपकरणांना एकाच ठिकाणाहून वीजपुरवठा देणे व संकेताच्या आवरणाचा भूसंपर्क एकाच बिंदूशी ठेवणे हा त्यावरील उपाय होय. व्यत्यय टाळण्यासाठी प्लगमधील भूसंपर्काची पिन काढून टाकण्याची क्लृप्ती काही ठिकाणी योजली जाते. ती जीवघेणी ठरू शकते, सबब सर्वथा त्याज्य आहे.

अन्य विद्याशाखांतील प्रस्तुतता

हा प्रश्न केवळ भौतिकशास्त्राचा नाही. रसायनशास्त्रात विद्युत-रासायनिक क्रिया घडत असताना प्रकाशाचे शोषण मोजले जाते, तेथे विभव व शोषण यांचे क्षण जुळले पाहिजेत. मानसशास्त्रातील प्रतिक्रियाकाळाच्या प्रयोगात सेकंदाला ६० वेळा उजळणारा संगणकाचा पडदा उद्दीपक दाखवण्यास १६.७ मिलिसेकंदांपर्यंत विलंब लावू शकतो. प्रतिसाद नोंदवणारे घड्याळ मात्र आदेशाच्या क्षणापासूनच चालू झालेले असते. उपकरणे बदलली तरी विचारावयाचा प्रश्न तोच राहतो : या दोन नोंदी एकाच क्षणाच्या आहेत काय?

महाविद्यालयीन प्रयोगशाळेसाठी सूचना

१. प्रत्येक वाचनासोबत त्याची वेळही नोंदवावी. वेळेविना साठवलेल्या आकड्यांतील चूक नंतर शोधता येत नाही.
२. प्रयोगाचा वेग निम्मा करून निष्कर्ष बदलतो का, हे पाहावे. बदलत असल्यास तो नमुन्याचा गुणधर्म मानण्यापूर्वी मापनाचा क्रम तपासावा.
३. बदलत्या राशीचे वाचन मुख्य मापनापूर्वी व नंतर घेऊन सरासरी घ्यावी.
४. वाचनांचा क्रम उलटवून एकदा प्रयोग करावा. क्रमाची चूक असल्यास तिची दिशा बदलते.
५. भांडारात पडून असलेल्या जुन्या उपकरणांच्या मागील बाजूस संगणकाची जोडणी आहे का, हे पाहावे. योग्य जोडयंत्र आणि पायथॉनसारखी विनामूल्य आज्ञाभाषा यांच्या साहाय्याने ती पुन्हा उपयोगात आणता येतात.
६. विद्यार्थ्याला तयार आज्ञावली देण्यापूर्वी एकदा कागदावर काळरेषा काढावयास सांगावी व प्रत्येक उपकरण कोणत्या क्षणी काय करते, ते तिच्यावर लिहवून घ्यावे.

समारोप

उपकरणांच्या समन्वयाचा विचार बहुधा जोडण्या व आज्ञावली यांपाशीच थांबतो. प्रस्तुत विवेचनावरून असे दिसून येते की मार्ग व भाषा यांमुळे उपकरणे एकत्र येतात. क्षण व घड्याळ यांमुळे त्यांचे मापन एक होते. पुनरावृत्ती ही शास्त्रीय निष्कर्षाची कसोटी मानली जाते, परंतु आज्ञावलीतील चूकही तितक्याच निष्ठेने पुनरावृत्त होते. म्हणून केवळ तोच प्रयोग पुन्हा करणे पुरेसे नाही, तो वेगळ्या गतीने व वेगळ्या क्रमाने करणे आवश्यक आहे. स्वयंचलित मापनामुळे वहीत आकडे लिहिण्याचे श्रम वाचले आहेत. त्यातून वाचलेला वेळ विद्यार्थ्याने ‘हा आकडा नेमका केव्हाचा?’ हे विचारण्यात घालवावा, अशी सवय लावणे हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.